छोटा एलसीडी डिस्प्ले पॅरलल पोर्टला जोडताना: वायरिंग, ड्रायव्हर आणि पिनांचा हिशेब – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे प्रामुख्याने लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपसाठी आहेत. डिस्प्ले म्हणजे बाजारात सहज मिळणारा १६×२ किंवा २०×४ अक्षरांचा, हिटाचीच्या एचडी४४७८० जातीच्या कंट्रोलरचा (म्हणजे पडदा चालवणाऱ्या चिपचा). सेटिंगची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

आज कोण पॅरलल पोर्ट वापरतं?

ज्याच्या घरी जुना डेस्कटॉप अजून धडधाकट आहे, तो. माझ्याकडे अशी एक कॅबिनेट टेबलाखाली चोवीस तास सुरू असते. तिला मॉनिटर नाही. समोरच्या मोकळ्या खणात १६×२ चा डिस्प्ले बसवला आहे आणि त्यावर डिस्कमध्ये उरलेली जागा, प्रोसेसरचं तापमान आणि आयपी पत्ता दिसतो. वीज जाऊन आली की मशीन नीट उठलं का, हे वाकून एका नजरेत कळतं. या कामासाठी नवं काही विकत घ्यायची गरज नाही. मागच्या बाजूला २५ भोकांचा पॅरलल, म्हणजे प्रिंटरचा पोर्ट असतोच, आणि डिस्प्ले पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. जेएचडी१६२ए म्हटलं की दुकानदार लगेच काढून देतो.

‘वायरिंग बदलता येतं’ म्हणजे नेमकं काय?

डिस्प्लेला कामासाठी दोन प्रकारच्या तारा लागतात. आठ (किंवा चार) डेटाच्या आणि तीन नियंत्रणाच्या. नियंत्रणाच्या तीन म्हणजे आरएस, आरडब्ल्यू आणि ई. आरएस सांगते की पाठवलेला बाइट हुकूम आहे की अक्षर. आरडब्ल्यू सांगते लिहायचं की वाचायचं. ई म्हणजे इनेबल. ती वरून खाली आली की डिस्प्ले समोरचा बाइट उचलतो.

या तीन तारा पोर्टच्या कुठल्या पिनेला जोडायच्या, याचा नियम कुणीच केलेला नाही. पॅरलल पोर्ट प्रिंटरसाठी बनला. त्यावर ‘आरएस’ नावाची पिन नाही. त्यामुळे ज्याने जसा ड्रायव्हर लिहिला, त्याने तशी जोडणी केली, आणि एकाच डिस्प्लेसाठी चार-पाच वेगवेगळ्या जोडण्या रूढ झाल्या. चांगला ड्रायव्हर हा प्रश्न तुमच्या हाती सोपवतो: कुठली तार कुठे आहे ते सेटिंगमध्ये सांगा, तो तसं वागेल.

माझं ठाम मत आहे की सोल्डर केलेला सांधा शक्यतो उकलू नये. आकडा बदलायला दहा सेकंद लागतात. सांधा तीनदा तापवला की पीसीबीवरचा तांब्याचा पट्टा उचलला जातो आणि डिस्प्ले कायमचा जातो. म्हणून आधी तारांचा कागद करा, मग त्या कागदाप्रमाणे ड्रायव्हर लावा.

पोर्टच्या २५ पिनांपैकी उपयोगाच्या किती?

१७. बाकीच्या १८ ते २५ ग्राउंड. पिन २ ते ९ म्हणजे डेटा, डी० ते डी७. नियंत्रणाच्या, म्हणजे संगणकाकडून बाहेर जाणाऱ्या, चार: १ (स्ट्रोब), १४ (ऑटोफीड), १६ (इनिट), १७ (सिलेक्ट-इन). आत येणाऱ्या पाच: १० (ॲक), ११ (बिझी), १२ (पेपर आउट), १३ (सिलेक्ट), १५ (एरर). आरएस, आरडब्ल्यू आणि ई साधारणपणे त्या चारांपैकी तिघींवर बसतात आणि चौथी बॅकलाइटसाठी उरते. आत येणाऱ्या पाच बटणांसाठी राखून ठेवा.

कनेक्टर सोल्डर करताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. समोरून पाहिलं की पिन १ एका टोकाला असते आणि मागून, म्हणजे सोल्डरच्या बाजूने पाहिलं की दुसऱ्या टोकाला. मी पहिला कनेक्टर समोरून मोजून मागून सोल्डर केला. सगळ्या तारा आरशातल्यासारख्या उलट गेल्या, आणि दोन संध्याकाळी मी सेटिंगमध्येच चूक शोधत बसलो. कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर प्रत्येक पिनेच्या शेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. तो टॉर्च धरून वाचा आणि त्याच आकड्यावर विश्वास ठेवा.

काही पिना ‘उलट्या’ असतात म्हणतात. मग सेटिंगमध्ये उणे चिन्ह द्यायचं का?

पिन १, १४ आणि १७ हार्डवेअरमध्येच उलट्या आहेत. रजिस्टरमध्ये १ लिहिला की पिनेवर शून्य व्होल्ट येतात. १६ सरळ आहे. आत येणाऱ्यांत फक्त ११ उलटी. स्वतः सी मध्ये प्रोग्रॅम लिहीत असाल तर नियंत्रणाचा बाइट पाठवण्याआधी तो हेक्स ०बी शी एक्सॉर करा, म्हणजे तिन्ही पिना सरळ वागतील.

तयार ड्रायव्हर वापरत असाल तर हा उलटेपणा त्याला ठाऊक असतो. लिनक्स कर्नलच्या ‘पॅनेल’ मॉड्यूलमध्ये पिनेचा आकडा उणे देता येतो, पण ते उणे फक्त तुम्ही मध्ये घातलेल्या इन्व्हर्टरसाठी किंवा ट्रान्झिस्टरसाठी आहे. पोर्टच्या अंगच्या उलटेपणासाठी उणे दिलंत तर ई पिन विश्रांतीत वर राहील, बाइट चुकीच्या क्षणी उचलला जाईल आणि पडद्यावर कचरा दिसेल. याच ठिकाणी सर्वांत जास्त लोक अडकलेले मी पाहिले आहेत.

रूढ जोडण्या कुठल्या?

सर्वांत जास्त दिसणारी ‘विनॅम्प’ जोडणी. डेटा २ ते ९ वर, ई पिन १ वर, आरडब्ल्यू १४ वर, आरएस १६ वर. दुसरा डिस्प्ले असेल तर त्याची ई १७ वर. एलसीडीप्रॉक या प्रोग्रॅममध्ये जोडणीच्या प्रकारात हे नाव जसंच्या तसं लिहिता येतं.

दुसरी ‘४-बिट’. डिस्प्लेचे वरचे चार डेटा, म्हणजे डीबी४ ते डीबी७ (डिस्प्लेच्या पिना ११ ते १४), पोर्टच्या २ ते ५ वर. आरएस ६ वर, ई ८ वर, दुसऱ्या डिस्प्लेची ई ९ वर. आरडब्ल्यू ७ वर किंवा थेट ग्राउंडला. सगळा कारभार डेटाच्या आठ पिनांवरच आटोपतो, त्यामुळे उलट्या पिनांची भानगडच उरत नाही.

तिसरी कर्नलच्या पॅनेल मॉड्यूलची स्वतःची: ई १४ वर, आरएस १७ वर, आरडब्ल्यू १६ वर, डेटा २ ते ९. ही त्याची मूळ गृहीतकं. प्रोफाइल शून्य निवडलं की १ ते १७ पैकी कुठलाही आकडा देता येतो आणि ० म्हणजे ‘जोडलेली नाही’. अक्षरांची संख्या, ओळींची संख्या, बॅकलाइटची पिन, सगळं तिथेच सांगायचं.

एलसीडी४लिनक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आकड्यांऐवजी सिग्नलची नावं लिहितात: ‘वायर’ या गटात आरएस, आरडब्ल्यू आणि इनेबल यांच्यासमोर स्ट्रोब, ऑटोफीड, इनिट, सिलेक्ट-इन यांपैकी एक, आणि आरडब्ल्यू जमिनीला असेल तर ग्राउंड.

मग मी कुठली निवडू?

नवीन सोल्डरिंग करत असाल आणि एलसीडीप्रॉक वापरणार असाल, तर ४-बिट. सात तारांत काम होतं आणि चूक शोधायला सोपं. पॅनेल मॉड्यूल वापरायचं असेल तर आठही डेटा तारा लागतात, कारण पॅरलल प्रकारात ते पूर्ण बाइटच पाठवतं. ४-बिटला सोल्डर केलेला डिस्प्ले त्यावर उजळणार नाही, कितीही आकडे बदला.

वेगाची काळजी करू नका. चार बिटांत प्रत्येक बाइट दोन हप्त्यांत जातो, पण ३२ किंवा ८० अक्षरांच्या पडद्याला ते डोळ्यांना कळत नाही.

आरडब्ल्यू ग्राउंडला जोडली तर काही बिघडतं का?

नाही, उलट मी तेच सुचवतो. आरडब्ल्यू वर गेली की डिस्प्ले स्वतः डेटा तारांवर व्होल्टेज टाकू लागतो. त्याच क्षणी पोर्टही टाकत असेल तर दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. शिवाय पीसीआय कार्डांवरचे अनेक पोर्ट आज ३.३ व्होल्टचे असतात. ते डिस्प्लेला लिहू शकतात, कारण डिस्प्ले ५ व्होल्टवर चालत असला तरी २.२ व्होल्टच्या वर गेलेला सिग्नल १ समजतो. पण डिस्प्लेकडून परत येणारे ५ व्होल्ट त्या कार्डाला सोसतीलच असं नाही.

वाचण्याचा फायदा एकच: डीबी७ वर ‘मी कामात आहे’ हा झेंडा दिसतो आणि ड्रायव्हरला आंधळेपणाने थांबावं लागत नाही. पण बहुतेक हुकमांना ३७ मायक्रोसेकंद आणि पडदा पुसायला दीड मिलिसेकंद लागतो, हे माहीत असल्यावर थोडं जास्त थांबणं पुरतं. आरडब्ल्यू ग्राउंडला असेल तर ड्रायव्हरमध्ये तसं सांगा: पॅनेलमध्ये ०, एलसीडी४लिनक्समध्ये ग्राउंड, आणि ‘बिझी तपासा’ हे सेटिंग बंद.

जुन्या मशीनमधून काढलेला, तारा लावलेला डिस्प्ले मिळाला आहे. वायरिंग माहीत नाही. कसं शोधू?

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीपच्या खुणेवर ठेवा. सगळं बंद, केबल संगणकातून काढलेली. डिस्प्लेच्या मागे १ ते १६ आकडे पाहा. १ ग्राउंड, २ ला ५ व्होल्ट, ३ कॉन्ट्रास्ट, ४ आरएस, ५ आरडब्ल्यू, ६ ई, ७ ते १४ डेटा, १५ आणि १६ बॅकलाइट. काही मॉड्यूलवर १ आणि २ ची किंवा १५ आणि १६ ची अदलाबदल असते, म्हणून डिस्प्लेच्या माहितीपत्रकाशी, म्हणजे शीटशी ताडून पाहा. शीट नसेल तर पीसीबीवरचं तांबं कुठे जातं ते बघा. कंट्रोलरच्या काळ्या गोळ्याभोवती आणि कडेच्या स्क्रूच्या भोकांभोवती पसरलेला मोठा पट्टा बहुतेक वेळा ग्राउंडच असतो.

मग एक टोक डिस्प्लेच्या ४ वर धरून दुसऱ्या टोकाने २५ पिनांवरून फिरा. बीप आला की कागदावर लिहा: ‘आरएस – १७’. मग ५, मग ६. आरडब्ल्यू पोर्टच्या १ ते १७ वर कुठेच सापडली नाही तर ती आधीच ग्राउंडला आहे. ४ किंवा ६ चा बीप येत नसेल आणि मध्ये एखादा छोटा तीन पायांचा ट्रान्झिस्टर दिसत असेल, तर तिथे उणे चिन्हाची खरी गरज आहे. ७ ते १० कुठेच जात नसतील तर जोडणी ४-बिटची.

हा कागद मशीनच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. माझा तसाच आहे, सेलोटेपने, आणि दोनदा पुन्हा उपयोगी पडला.

५ व्होल्ट कुठून घ्यायचे?

पोर्टवरून मिळत नाहीत. डेटा पिनेवरून चोरून घेण्याचे उपाय सांगितले जातात, ते करू नका. बॅकलाइट त्या पिनेला झेपत नाही. कॅबिनेटच्या आत असाल तर पॉवर सप्लायच्या चार पिनांच्या कनेक्टरमधली लाल तार ५ व्होल्टची आणि काळी ग्राउंडची. पिवळीला हात लावू नका, ती १२ व्होल्टची आहे. बाहेर असाल तर यूएसबीच्या तारेतून घ्या. डिस्प्लेचं ग्राउंड आणि पोर्टचं ग्राउंड मात्र एकमेकांना जोडलेलं हवंच.

पडदा उजळला, पण वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन आहेत.

म्हणजे वीज आणि कॉन्ट्रास्ट ठीक आहेत आणि डिस्प्लेला सुरुवातीचे हुकूम पोचलेच नाहीत. ई आणि आरएस तपासा, आणि पोर्टचा पत्ता.

काहीच दिसत नसेल तर आधी कॉन्ट्रास्ट. १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) घ्या, त्याची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय डिस्प्लेच्या पिन ३ ला, आणि हळूहळू फिरवा. बहुतेक डिस्प्लेला तिथे १ व्होल्टच्या आतबाहेर लागतात.

अक्षरं येतात पण मध्येच बिघडतात.

केबल लांब असेल तर आधी आखूड करून पाहा. ई च्या तारेशेजारी ग्राउंडची तार ठेवा, रिबन केबलमध्ये ते सोपं आहे. मग ड्रायव्हरमधला विलंब वाढवा. स्वस्त कंट्रोलर मूळ हिटाचीपेक्षा मंद असू शकतात. ४-बिट जोडणीत एकदा अर्धा बाइट चुकला की पुढचं सगळं अर्ध्याने सरकतं आणि पुन्हा सुरुवात केल्याशिवाय सुधारत नाही, हेही लक्षात असू द्या.

२०×४ वर पहिल्या ओळीनंतरचा मजकूर तिसऱ्या ओळीत का जातो?

कारण कंट्रोलरच्या मेमरीत चार ओळी नसतातच, दोन लांब ओळी असतात. पहिली ० पासून, दुसरी ६४ पासून. २०×४ मध्ये पहिल्या लांब ओळीचा उत्तरार्ध तिसऱ्या ओळीत दाखवतात, म्हणून ओळींच्या सुरुवाती ०, ६४, २० आणि ८४. ड्रायव्हरमध्ये आकार बरोबर लिहिला की तो हे सांभाळतो.

४०×४ ची गोष्ट वेगळी. एका कंट्रोलरमध्ये ८० अक्षरं मावतात, त्यामुळे १६० साठी दोन कंट्रोलर आणि दोन ई पिना असतात. दुसरी ई जोडली नाही तर खालच्या दोन ओळी रिकाम्याच राहतात.

यूएसबी-ते-प्रिंटर केबलवर चालेल का?

नाही. ती केबल संगणकाला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, खऱ्या पोर्टच्या पिना एकेक करून हलवू देत नाही. दुकानात ‘पॅरलल पोर्टच आहे’ असं सांगून दिली तरी घेऊ नका. पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्ड मात्र चालतं.

कार्ड लावलं, पण ड्रायव्हरला पोर्ट सापडत नाही.

मदरबोर्डवरचा पोर्ट बहुधा हेक्स ३७८ वर असतो, कधी २७८ किंवा ३बीसी. कार्डाचा पत्ता मात्र मशीन ठरवतं. प्रॉक फाइल सिस्टममधल्या ‘आयओपोर्ट्स’ फाइलमध्ये पाहा आणि तोच पत्ता लिहा. बायोसमध्ये मोड एसपीपी किंवा ईपीपी ठेवा. प्रिंटरचं ‘एलपी’ मॉड्यूल पोर्ट धरून बसलं असेल तर काढा, नाहीतर प्रिंटिंगची सेवा मध्येच पोर्टवर काहीतरी पाठवते आणि पडद्यावर विचित्र चिन्हं उमटतात.

बॅकलाइट प्रोग्रॅममधून चालू-बंद कसा करू?

उरलेल्या नियंत्रण पिनेवरून, १ किलोओहम रेझिस्टरमधून एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर बॅकलाइटच्या ऋण टोकाला. धन टोक ५ व्होल्टला, शीटमध्ये सांगितलेल्या रेझिस्टरमधून. बीसी५४७ ला १०० मिलिॲम्पियरची मर्यादा आहे. जुन्या हिरव्या-पिवळ्या डिस्प्लेचा बॅकलाइट त्याहून जास्त खाऊ शकतो, तिथे बीडी१३९ लावा. ३.३ व्होल्टच्या पोर्टवर पीएनपी टाळा, तो पूर्ण बंद होत नाही आणि पडदा रात्रभर मंद जळत राहतो.

बटणं जोडता येतात का?

हो. १०, ११, १२, १३ आणि १५ यांपैकी एखादी पिन पुल-अप रेझिस्टरने ५ व्होल्टला (३.३ व्होल्टच्या कार्डावर ३.३ ला) आणि बटणातून ग्राउंडला. पाचपेक्षा जास्त हवी असतील तर डेटा पिनांबरोबर जाळी करा, पण प्रत्येक डेटा तारेत एक डायोड घाला. नाहीतर दोन बटणं एकत्र दाबली गेली की दोन आउटपुट थेट जोडले जातात.

यावर मराठी दिसेल का?

तयार अक्षरसाठ्यात नाही. या कंट्रोलरच्या रॉमच्या दोन नेहमीच्या आवृत्त्या आहेत, एकीत जपानी काताकाना आणि दुसरीत युरोपीय अक्षरं. देवनागरी कुठेच नाही. पण स्वतःची आठ अक्षरं घडवता येतात, प्रत्येक ५ ठिपके रुंद आणि ८ ओळी उंच. प्रत्येक ओळ म्हणजे ० ते ३१ मधला एक आकडा. उदाहरणार्थ काना: ०, ३१, ४, ४, ४, ४, ४, ४. पहिली ओळ वरच्या मात्रांसाठी रिकामी, दुसरी शिरोरेषा, बाकी सहा मधली उभी रेघ.

अडचण दोन ठिकाणी येते. दोन खणांमध्ये काचेवर खरीखुरी फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटक दिसते. आणि वर मात्रा, खाली उकार असं दोन्ही आलं की आठ ओळी अपुऱ्या पडतात. म्हणून ‘बंद’, ‘ताप’ असे छोटे शब्द निवडा, ते छान वाचता येतात. माझ्या मशीनवर तापमानाआधी ‘ताप’ लिहिलेलं आहे: त, काना, प, तीनच खण. घरातल्या ज्येष्ठांनाही ते एकदम कळतं.

पूर्ण मराठी वाक्यं हवी असतील तर टी६९६३ जातीच्या कंट्रोलरचा २४०×१२८ ठिपक्यांचा ग्राफिक डिस्प्ले घ्या आणि मजकूर चित्र म्हणून पाठवा. जोडाक्षरं, रफार, सगळं फाँटप्रमाणे बसतं. त्याला नियंत्रणाच्या चार तारा लागतात: सीई, सीडी, आरडी, डब्ल्यूआर. म्हणजे पोर्टच्या चारही नियंत्रण पिना संपतात आणि बॅकलाइटसाठी एकही उरत नाही. वाचन टाळता येत नाही, कारण हा कंट्रोलर तयार आहे की नाही ते वाचूनच कळतं. त्यामुळे पोर्ट दोन्ही दिशांनी चालणारा आणि ५ व्होल्ट सोसणारा हवा.

हाच डिस्प्ले पुढे रास्पबेरी पायवर नेता येईल?

येईल, आणि तोच कागद तिथे चालतो, फक्त पोर्टच्या आकड्यांच्या जागी जीपीआयओचे, म्हणजे पायवरच्या सर्वसाधारण वापराच्या पिनांचे आकडे. कर्नलमध्ये जीपीआयओवरून चालणारा एचडी४४७८० ड्रायव्हर आहे. त्याला आरएस, इनेबल आणि डेटाच्या पिना डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये सांगायच्या. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच सोसतात, त्यामुळे तिथे आरडब्ल्यू ग्राउंडलाच. तारा कमी हव्या असतील तर डिस्प्लेच्या पाठीवर बसणारा पीसीएफ८५७४ चा छोटा बोर्ड लावा. त्याचा आय२सी पत्ता बहुतेक वेळा हेक्स २७ असतो, आणि चिप पीसीएफ८५७४ए असेल तर ३एफ. बोर्ड लावण्याआधी डिस्प्लेवरच्या जुन्या तारा उपसू नका. बर्ग स्ट्रिपचा (पिनांच्या पट्टीचा) एक तुकडा मध्ये सोल्डर केला तर दोन्ही बाजू कधीही बदलता येतात.